मर्थर टिडफिल: विझलेल्या भट्ट्यांच्या गावात चार दिवस

माझं सगळं आयुष्य बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, रसाशेजारी गेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडील मोल्डर होते, म्हणजे ओतकामाचे साचे करायचे. मी पुढे एका फौंड्रीत तीस वर्षं क्युपोला, म्हणजे बीड वितळवायची उभी भट्टी, सांभाळला. लेक कार्डिफला नोकरीला लागली आणि आम्हाला महिनाभर तिकडे बोलावलं, तेव्हा तिने किल्ले, समुद्रकिनारे आणि लंडनची यादी करून ठेवली होती. मी म्हटलं, ते सगळं तुझ्या आईला दाखव. मला चार दिवस वेल्समधल्याच मर्थरला घेऊन चल.

"बाबा, तिथे आता काहीच उरलं नाही," ती म्हणाली.

एके काळी जगातला सर्वांत मोठा लोखंडाचा कारखाना ज्या गावात होता, तिथे काहीच उरलं नाही म्हणजे नेमकं काय उरलं नाही, हेच मला बघायचं होतं.

पहिला दिवस, शनिवार

कार्डिफहून मर्थरची गाडी तासाभरात पोचते. रेल्वे टॅफ नदीच्या काठाकाठाने वर चढते. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, आणि उतारांवर एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांच्या रांगा. स्टेशनांची नावं लेकीकडून म्हणवून घेतली. वेल्श भाषेत एक एफ असला की त्याचा उच्चार 'व्ह' होतो. म्हणून ज्या कारखान्याचं नाव मी इतकी वर्षं 'सायफार्थफा' वाचत आलो, तो निघाला कव्हार्थव्हा.

सामान खोलीवर टाकलं आणि थेट कव्हार्थव्हाच्या भट्ट्यांकडे निघालो. वाटेत मोठी दुकानं, गाड्यांचे वाहनतळ, शनिवारची खरेदीची गर्दी. त्यांच्या मागच्या अंगाला, नदीपलीकडे, डोंगराच्या पोटात बांधलेली प्रचंड दगडी भिंत आणि तिच्यात ओळीने कमानी. कुंपणाबाहेर उभा राहून मी बराच वेळ नुसता बघत होतो. एकेक कमान म्हणजे एकेका झोतभट्टीचं तोंड. हवेचा झोत मारून खनिजातून लोखंड वितळवून काढायची ही भट्टी.

भट्टी डोंगराला टेकवून का बांधली, हे लेकीला समजावताना मला फार आनंद झाला. खनिज, कोक (भाजून काढलेला दगडी कोळसा) आणि चुनखडी भट्टीत वरून टाकावी लागते. भट्टी सपाटीवर बांधली तर हजारो टन माल वर चढवायचा खर्च. डोंगराला टेकवली की माल डोंगरमाथ्यावरून सरळ भट्टीच्या तोंडाशी येतो आणि रस खाली मैदानात सोडता येतो. आमच्या क्युपोलालाही वर चार्जिंगचा मचाण असतो. तिथे घमेली वर चढवून कंबर मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. इथे तो मचाण डोंगरानेच दिला होता.

डोंगराने दिलं ते एवढंच नाही. या दरीच्या आसपास कोळसा आणि लोहखनिज एकाच थरांमध्ये सापडत होतं, उत्तरेला चुनखडी होती आणि मधून वाहतं पाणी. लोखंड करायला जे लागतं ते सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणूनच पंचवीस-तीस वर्षांत इथे चार मोठे कारखाने उभे राहिले: डाउलाइस १७५९ मध्ये, प्लिमथ १७६३ मध्ये, कव्हार्थव्हा १७६५ मध्ये आणि पेनिडॅरेन १७८४ मध्ये. १८०१ साली गावाची वस्ती ७,७०५ होती. १८५१ साली ती ४६,३७८ झाली. तेव्हा कार्डिफ याच्यापुढे लहान होतं आणि मर्थर हे वेल्समधलं सर्वांत मोठं शहर होतं.

भट्ट्यांपासून थोडं पुढे पाँट-इ-कॅव्हनाय नावाचा छोटा पूल आहे. १७९३ च्या सुमाराचा, पूर्ण बिडाचा. वरून रुळावरचे डबे जायचे, आणि याच पुलावरून कारखान्याला पाणीही जायचं. सांधे बघायला मी वाकलो. वॉटकिन जॉर्ज हा कारखान्याचा मुख्य अभियंता मुळात सुतार होता, आणि ते पुलात स्पष्ट दिसतं. बिडाचे तुकडे त्याने लाकडाच्या चौकटीसारखे कूस आणि खाच करून जोडले आहेत. नवं साहित्य हाती आलं, पण हाताला सवय जुन्याच साहित्याची. मला तो पूल भट्ट्यांपेक्षाही जास्त आवडला.

दुसरा दिवस, रविवार

कव्हार्थव्हाचा मालक दुसरा विल्यम क्रॉशे याने १८२४-२५ मध्ये कारखान्यासमोरच्या टेकडीवर स्वतःसाठी किल्ल्यासारखा वाडा बांधला. खर्च त्या काळचे तीस हजार पौंड. आज तिथे संग्रहालय आहे. बुरूज, कंगोरे, पुढे तळं, हिरवळ. पण वाड्याची जागा नीट लक्षात घ्या. मालकाच्या खिडकीतून भट्ट्या थेट दिसत होत्या. रात्री सगळी दरी लाल व्हायची, आणि ती लाली म्हणजे मालकाचं उत्पन्न.

संग्रहालयात पेनरी विल्यम्स या इथल्याच चित्रकाराचं १८२५ चं जलरंगातलं चित्र आहे: रात्रीच्या वेळचा कव्हार्थव्हाचा कारखाना, आतून. उंच छपराखाली उजेडाचे झोत आणि त्यांच्यापुढे काळी, लहानगी माणसं. रस साच्यात ओतायच्या वेळी शेडमधला उजेड असाच असतो. माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त आकार दिसतो. वडिलांना मी लहानपणी पहिल्यांदा कामावर पाहिलं ते असंच.

या कारखान्यांची खरी करामत झोतभट्टीपेक्षा पडलिंगमध्ये होती. भट्टीतून निघतं ते बीड. त्यात कार्बन तीन-चार टक्के, म्हणून ते कडक पण ठिसूळ. त्याचा रूळ किंवा साखळी करायची तर कार्बन काढायला हवा. १७८४ मध्ये हेन्री कॉर्टने याची पद्धत काढली आणि क्रॉशे घराण्यातला आधीचा मालक रिचर्ड क्रॉशे याने ती कव्हार्थव्हात मोठ्या प्रमाणावर बसवली. पडलर वेगळ्या भट्टीत वितळलेलं बीड लांब सळईने सतत ढवळायचा. कार्बन जळत गेला की लोखंडाचा वितळबिंदू वर चढतो. त्यामुळे तीच उष्णता अपुरी पडून रस घट्ट होऊ लागतो. मग त्या लगद्याचे गोळे करून बाहेर ओढायचे आणि घणाखाली न्यायचे. कोणतंही मोजमाप नाही, मीटर नाही. ज्वाळेचा रंग आणि ढवळताना सळईतून हाताला लागणारा जडपणा, एवढ्यावर सगळं. पडलरच्या अंगची विद्या मालकाला कागदावर उतरवून घेता आली नाही, म्हणून पडलरला गावात मान होता. खालच्या मजुराला तो नव्हता.

दुपारी गावात उतरलो. जुन्या ग्रंथालयाबाहेर डिक पेंडेरिनच्या नावाची पाटी आहे. १८३१ मध्ये लोखंडाचे भाव पडले, क्रॉशेने मजुरी कमी केली. आधीच उधारीत बुडालेल्या लोकांच्या घरांतलं सामान कर्जवसुलीचं न्यायालय जप्त करत होतं. जूनच्या सुरुवातीला लोक उठले. जप्त झालेल्या वस्तू घरोघरी जाऊन परत मिळवल्या आणि न्यायालयाच्या कारकुनाचं घर फोडलं. वासराच्या रक्तात बुडवलेलं फडकं झेंडा म्हणून उंच धरलं. ३ जूनला कॅसल इन या खानावळीसमोर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. किमान सोळा माणसं मेली. नंतर रिचर्ड लुइस नावाच्या तेवीस वर्षांच्या खाणकामगाराला एका सैनिकाच्या पायात संगीन खुपसल्याच्या आरोपावरून १३ ऑगस्टला कार्डिफमध्ये फाशी दिलं. हाच डिक पेंडेरिन. मरताना वेल्शमध्ये तो म्हणाला, हे प्रभू, हा अन्याय आहे. पुढे अमेरिकेत एका माणसाने मरणाआधी कबूल केलं की तो वार आपण केला होता.

त्याच गावाने १९०० साली कीर हार्डीला संसदेत पाठवलं. मजूर पक्षाच्या या पहिल्या पुढाऱ्याने १९०७ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला आणि हिंदी लोकांना स्वतःचा कारभार मिळावा असं उघडपणे मांडलं. ब्रिटिश वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. मर्थरने मात्र १९१५ मध्ये तो मरेपर्यंत त्याला निवडून दिलं. हे मला आधी ठाऊक नव्हतं. त्या पाटीजवळच्या बाकावर बसून लेकीने फोनवर शोधून वाचून दाखवलं, आणि या गावाशी माझं काही नातं आहे असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

संध्याकाळी टॅक्सीने वेनरच्या चर्चला गेलो. रॉबर्ट थॉम्पसन क्रॉशे हा घराण्यातला मर्थरचा शेवटचा मोठा लोखंडसम्राट. १८७४ मध्ये कामगारांनी मजुरीतली कपात नाकारली, तेव्हा त्याने कव्हार्थव्हाच्या भट्ट्या बंद करून टाकल्या. १८७९ मध्ये तो गेला. थडग्यावर कित्येक टनांची सपाट शिळा आहे आणि तिच्यावर नाव-तारखेखाली तीनच इंग्रजी शब्द: देवा, मला क्षमा कर. ते कशाबद्दल, यावर लोक दीडशे वर्षं वाद घालत आले आहेत. मला वाद घालावासा वाटला नाही. बंद केलेली भट्टी थंड झाली की आतला माल गोठून दगड होतो. तो फोडून काढल्याशिवाय ती पुन्हा पेटत नाही. हे त्याला नक्की माहीत होतं.

तिसरा दिवस, सोमवार

सकाळपासून पाऊस. डाउलाइस गावाच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून हजारेक फूट उंचीवर. बसमधून उतरलो आणि वाऱ्याने छत्री उलटी झाली.

१८४५ च्या सुमारास इथे १८ झोतभट्ट्या होत्या आणि सात हजारांहून जास्त माणसं. वर्षाला ८८ हजार टनांवर लोखंड. रशियाच्या रेल्वेचे रूळ इथून गेले. मालक होता सर जॉन गेस्ट. त्याची बायको लेडी शार्लोट दिवसा कारखान्याच्या हिशेबाची कामं बघायची आणि उरलेल्या वेळात जुन्या वेल्श कथांचा इंग्रजी अनुवाद करायची. तोच पुढे 'मॅबिनोगिऑन' म्हणून प्रसिद्ध झाला. १८५२ मध्ये नवरा गेल्यावर काही काळ तिने कारखाना स्वतः चालवला. याच डाउलाइसमध्ये १८३० च्या दशकात एड्रियन स्टीफन्स नावाच्या अभियंत्याने बॉयलरमधलं पाणी कमी झालं की वाजणारी वाफेची शिट्टी बनवली. गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीला हे सांगायलाच हवं.

पण ही श्रीमंती ज्यांच्या घामातून आली, त्यांना प्यायला पाणी नव्हतं. नदी भट्ट्यांच्या यंत्रांना लागत होती. बायका झऱ्यांवर रात्र-रात्र रांगा लावत. १८४९ च्या पटकीत मर्थरमध्ये चौदाशेहून जास्त माणसं गेली.

आज डाउलाइसमध्ये काय आहे? कारखान्याच्या घोड्यांची पागा आहे, तिच्या कमानीमागे आता घरं झाली आहेत. गेस्टच्या स्मरणार्थ बांधलेलं १८६३ चं ग्रंथालय आहे. भट्टीत हवा फुंकणाऱ्या झोतयंत्राचं लाल विटांचं एक भव्य घर आहे. आणि कारखान्याच्या जागी? गवत, रस्ते, घरं. मी दोन तास पावसात फिरून १८ भट्ट्यांची जागा मनाने आखायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

एवढं अवाढव्य काम कसं नाहीसं होतं, याचं उत्तर कोणा एका माणसाच्या वाईटपणात नाही. वितळलेल्या बिडात हवा फुंकून पोलाद करायच्या बेसेमरच्या पद्धतीचा परवाना डाउलाइसने १८५६ मध्ये सर्वांत आधी घेतला. मात्र त्या पद्धतीला फॉस्फरस कमी असलेलं खनिज लागतं आणि इथलं खनिज तसं नव्हतं. शिवाय ते संपतही आलं होतं. मग स्पेनमधल्या बिल्बावहून खनिज आणू लागले. जहाजातून कार्डिफला, तिथून रेल्वेने हजार फूट वर डाउलाइसला, आणि तयार रूळ पुन्हा खाली बंदरात. ज्या डोंगराने एके काळी सगळं हाताशी दिलं होतं, तोच आता प्रत्येक टनामागे खर्च वाढवत होता. कंपनीने १८९१ मध्ये कार्डिफच्या किनाऱ्यावर नवा कारखाना पेटवला. त्या क्षणी डाउलाइसचा निकाल लागला, जरी भट्ट्या आणखी चाळीस वर्षं धुमसत राहिल्या.

स्पेनच्या खनिजाबरोबर तिथली माणसंही आली. डाउलाइसमध्ये अल्फोन्सो स्ट्रीट नावाची गल्ली आहे. आयर्लंडमधून लोक आधीच आले होते. खनिजाची वाट बंद झाली तरी ती कुटुंबं इथेच राहिली.

१९३० मध्ये पोलादाचं काम थांबलं. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये राजा आठवा एडवर्ड इथे आला, ओसाड कारखाना पाहिला आणि यांच्यासाठी काहीतरी करायला हवं, अशा अर्थाचं बोलला. तीन आठवड्यांनी त्याने राजपदच सोडलं. आणि १९३९ मध्ये लंडनच्या एका अभ्यासगटाने सुचवलं, की मर्थर सोडून द्यावं आणि लोकांना समुद्रकाठी किंवा अस्क नदीच्या खोऱ्यात हलवावं. कागदावर त्यांचं चुकलं नव्हतं. खनिज नाही, भट्टी नाही, मग गाव कशाला? कारखाना हलवला तशी माणसंही हलवा.

एका छोट्या चहाच्या दुकानात अंग वाळवत बसलो होतो, तेव्हा ही गोष्ट मी शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना विचारली. ते म्हणाले, त्यांच्या आईने तेव्हा एकच प्रश्न विचारला होता: आणि चॅपेल, आमचं प्रार्थनाघर, कसं हलवणार? मग त्यांनी मला ताटातला अर्धा वेल्श केक दिला. तव्यावर भाजलेला, मनुका घातलेला, आपल्या गोड दशमीच्या जवळचा. मी फौंड्रीत होतो हे कळल्यावर त्यांनी माझा हात उलटा करून मनगटावरचे जुने चट्टे पाहिले आणि स्वतःची बाही वर केली. डाउलाइसची बिडाची फौंड्री १९८७ पर्यंत चालू होती. ते तिथे होते. त्यानंतर आम्हाला लेकीच्या दुभाषेपणाची फारशी गरज पडली नाही. कोकची प्रत, ओली वाळू आणि साचा फुटला की काय होतं, हे दोघांनाही हाताने सांगता येत होतं.

चौथा दिवस, मंगळवार

परतीला गाडी धरायची नाही, चालत जायचं, असं ठरवलं होतं. निदान ॲबरकाननपर्यंत. कारण तो रस्ता म्हणजे जगातल्या पहिल्या रेल्वे इंजिनाचा रस्ता.

१७९४ मध्ये मर्थर ते कार्डिफ कालवा झाला, पण त्यावर कव्हार्थव्हाचं वजन जास्त. वरच्या टप्प्यात होड्या चढवायच्या-उतरवायच्या पाण्याच्या दारांच्या टाक्या (लॉक) खूप, होड्यांची गर्दी आणि पाण्यासाठी भांडणं. म्हणून बाकीच्या तीन कारखान्यांनी १८०२ मध्ये वरचा टप्पा टाळणारा स्वतःचा रूळमार्ग केला. त्यावर घोडे डबे ओढायचे. पेनिडॅरेनच्या सॅम्युअल होमफ्रेने पाचशे गिनींची पैज लावली, आणि २१ फेब्रुवारी १८०४ रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने दहा टन लोखंड, पाच डबे आणि सत्तर माणसं पावणेदहा मैल ओढत नेली. चार तास पाच मिनिटं. पैज जिंकली, पण इंजिन त्या मार्गावर टिकलं नाही, कारण त्याच्या वजनाने बिडाचे रूळ तडकत होते. बीड दाब सोसतं, ताण आणि हिसका सोसत नाही. कोणताही मोल्डर हे सांगेल. घडीव लोखंडाचे रूळ स्वस्त व्हायला अजून वेळ होता, आणि ते स्वस्त केले ते याच दरीतल्या पडलरांनी.

पेंट्रेबाखला ट्रेव्हिथिकचा बोगदा आहे, प्लिमथ कारखान्याखालून गेलेला. जवळच १९४८ मध्ये हूवरचा धुलाई यंत्रांचा कारखाना आला. काही हजार माणसांना त्याने काम दिलं आणि २००९ मध्ये तोही बंद झाला. आता त्याच भागात सैन्यासाठी चिलखती गाड्या जोडतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात कव्हार्थव्हात तोफा ओतायचे, ते आठवलं. वस्ती १९११ मध्ये ८१ हजारांच्या घरात गेली होती, २०२१ मध्ये ती ५९ हजारांजवळ होती. इस्पितळ, नगरपालिका, कॉल सेंटर, डोंगरातल्या सायकलवाटा, अशा अनेक छोट्या-मोठ्या चुली पेटलेल्या आहेत. एकाच भट्टीवर गाव टाकायचं नाही, हे या लोकांनी फार महागात शिकलं आहे.

पुढे नदी ओलांडून ॲबरव्हॅनला गेलो. २१ ऑक्टोबर १९६६, सकाळी सव्वानऊ. झऱ्यावर रचलेला खाणीचा मातीढिगारा घसरला आणि खालच्या शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं. उरलेले ढिगारे हलवायला सरकारने लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले. ते परत मिळाले १९९७ मध्ये. शाळेच्या जागी आता बाग आहे. टेकडीवर पांढऱ्या कमानींची रांग दिसते, ती स्मशानभूमी. आम्ही बागेत बसलो, बोललो नाही. लेकीने माझा हात धरला होता. ती शाळेत शिकवते.

पाँटिग्वेथपासून वाट झाडीत शिरते आणि तिथे जुना मार्ग स्पष्ट दिसू लागतो. टॅफवर १८१५ चे दोन दगडी पूल आहेत. वाटेत चौकोनी दगड रुतलेले दिसतात, प्रत्येकाच्या मधोमध भोक. आडवे स्लीपर न वापरता या दगडांत लाकडी खुंटी ठोकून तिच्यात खिळा मारायचे आणि बिडाचा रूळ बसवायचे. दोन ओळींच्या मध्ये जागा मोकळी ठेवायची, कारण घोड्याला पाय टाकायला सपाट जमीन हवी. मी गुडघे टेकून एका भोकात बोट घातलं. आत शेवाळ आणि पाणी होतं. भोकाच्या काठावर रुळाच्या बैठकीने झिजवलेला उथळ खळगा होता. तो हाताला लागला.

"बाबा, साडेचारची गाडी," लेक म्हणाली.

ॲबरकाननला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. मार्ग इथे कालव्याला मिळायचा. माल होड्यांत चढवून कार्डिफला जायचा. कालवा बुजला आहे. स्टेशनवर बाकावर बसून बुटांतली खडी झाडली आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसलो.